जुन्या मोटारीतील विजेची कोडी

रात्रीची वेळ आहे. हुमनाबादहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कमलापूरच्या अलीकडे, एक जुनी मोटार चालली आहे. पाठीमागून उसाने भरलेला ट्रक येत आहे. समोर अचानक बैलगाडी दिसते आणि मोटारीचा चालक ब्रेक दाबतो. या क्षणी मोटारीच्या मागचे दोन्ही तांबडे दिवे प्रखर व्हावयास हवेत. उजवा तसा होतोही. परंतु डावा जवळजवळ विझून जातो, आणि मोटारीच्या पुढच्या अंगास डावीकडे वळण दाखविणारा पिवळा दिवा, कोणी न पेटविता, मिणमिणू लागतो. आत बसलेल्या चालकास यांतले काहीच दिसत नाही. ट्रकवाल्यास एकच तांबडा ठिपका दिसतो, व पुढे मोटारसायकल चालली आहे असा त्याचा समज होतो.

अशी मोटार दुसऱ्या दिवशी दुरुस्तीस गेली म्हणजे काय घडते, हे जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांना सांगावयास नको. प्रथम बल्ब बदलला जातो. मग ब्रेकचा स्विच, मग वळणाचा स्विच. तेवढ्याने भागले नाही तर ‘वायरिंग सडली, सगळी नवी टाकावी लागेल’ असा निर्णय मिळतो. हजारो रुपये खर्च होतात आणि डावा दिवा पूर्वीसारखाच ब्रेकबरोबर मालवतो. शेवटी मोटारीच्या नाकाशी लिंबू आणि मिरच्या बांधल्या जातात, किंवा मोटार भंगारात जाते. वस्तुतः दोष असतो तो मागच्या दिव्याच्या घरट्यातील एका गंजलेल्या स्क्रूचा. पॉलिश कागदाचा तुकडा आणि दहा मिनिटे एवढ्यावर तो निघतो.

हे कोडे कसे सुटते ते पाहावयाचे तर मोटारीतील विजेची एक रीत ध्यानी घ्यावी लागते. घरातील दिव्यास दोन तारा येतात. मोटारीतील बहुतेक दिव्यांस एकच येते. बॅटरीच्या एका टोकाकडून तारेने निघालेला प्रवाह दिव्यातून जातो आणि परतताना मोटारीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या दुसऱ्या टोकास मिळतो. या परतीच्या वाटेस इंग्रजी शब्दाने ‘अर्थ’ म्हणतात. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. तेथील कारागिरांच्या तोंडी आजही कानडी, मराठी आणि दखनी यांची मिसळ असते, आणि ‘गाडीला अर्थ नाही’ असे वाक्य तेथे सहज कानी पडते. मराठी माणसास ते ऐकून प्रथम हसू येते. पण जुन्या मोटारीच्या चमत्कारिक दोषांपैकी पुष्कळसे या एका वाक्यात मावतात.

परतीची वाट बंद झाली तरी प्रवाह थांबेलच असे नाही. दुसरी कोणतीही वाट मिळाली की तो तिने जातो. वरील मोटारीत डाव्या दिव्याच्या घरट्याचा सांगाड्याशी संबंध तुटला होता. त्या एकाच घरट्यात मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि वळणाचा दिवा असे तिघे शेजारी होते, व तिघांची परतीची वाट एकच होती. ती बंद होताच ब्रेकच्या दिव्यातून आलेला प्रवाह शेजारच्या वळणाच्या दिव्याच्या तंतूत उलटा शिरला, त्याच्या तारेने थेट मोटारीच्या पुढच्या टोकास गेला आणि तेथील पिवळ्या दिव्यातून सांगाड्यास मिळाला. एवढ्या दिव्यांनी बारा व्होल्टचा दाब वाटून घेतल्यावर प्रत्येकाच्या वाट्यास तीन-चार व्होल्ट आले. मागचा दिवा मालवला तो यामुळे, आणि पुढचा मिणमिणला तोही यामुळेच. दोन दिवे एकमेकांच्या खोड्या काढीत आहेत असे दिसले, एक पेटविला असता दुसरा लुकलुकू लागला, तर त्या दोघांची परतीची वाट कोठे एक होते ते पाहावे. दोष बहुधा तेथेच सापडतो.

वायरिंगसंबंधी येथवर सांगितले ते दिव्यांचे झाले. सेल्फची, म्हणजे एंजिन सुरू करणाऱ्या यंत्राची, गोष्ट थोडी निराळी आहे. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेचा सेल्फ बसविला, आणि मोटार सुरू करण्यासाठी हँडल मारताना मनगट मोडण्याचा काळ मागे पडला. परंतु त्याबरोबर मोटारीच्या विजेवर फार मोठा भार आला. पुढच्या एका मोठ्या दिव्यास पाच अँपिअर प्रवाह पुरतो. सेल्फला क्षणभर दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक लागतो. ‘दिवे तर लख्ख आहेत, हॉर्न खणखणीत वाजतो, मग सेल्फ का फिरत नाही?’ हा प्रश्न येथूनच निघतो. प्रश्नकर्त्याचे अनुमान असे असते की, बॅटरी ठीक आहे तेव्हा सेल्फच बिघडला असला पाहिजे. सेल्फ काढून, उघडून, नवे ब्रश घालून पुन्हा बसविला जातो, आणि ‘टक्’ एवढाच आवाज येतो.

जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो. वाटेतील रोधास प्रवाहाने गुणावे, म्हणजे त्या वाटेत किती दाब वाया जातो ते कळते. समजा, बॅटरीच्या टोकावर किंवा सांगाड्याच्या जोडावर गंजाचा पातळ थर बसला आहे व त्याचा रोध ओहमच्या दोन शतांश एवढाच आहे. पाच अँपिअरच्या दिव्याकरिता तेथे एक दशांश व्होल्ट खर्च होईल. डोळ्यांना फरक कळणार नाही. दीडशे अँपिअरच्या सेल्फकरिता त्याच थरात तीन व्होल्ट नाहीसे होतील, आणि सेल्फ जागचा हलणार नाही. म्हणजे लख्ख दिवे पाहून बॅटरीची आणि जोडांची परीक्षा झाली असे मानणे चूक ठरते. शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम आपल्या दारातील मोटारीत राबतो आहे, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांच्याही ध्यानी येत नाही.

यावरील परीक्षा अगदी सोपी आहे. मोटार न्यूट्रलवर ठेवून हातब्रेक ओढावा. एक जाड तार घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या सांगाड्याकडील टोकास आणि दुसरे एंजिनच्या स्वच्छ धातूस घट्ट धरवावे, व किल्ली फिरवावी. सेल्फ जोमाने फिरला तर तो निर्दोष आहे. परतीची वाट खराब आहे. एंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले असते आणि रबरातून वीज जात नाही, म्हणून एंजिन व सांगाडा यांच्यामध्ये तांब्याची एक विणलेली पट्टी जोडलेली असते. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामासाठी एंजिन उतरविले की ही पट्टी पुन्हा जोडावयाची राहून जाते. मग अशा गोष्टी घडतात की, ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये. सेल्फ मारला असता ॲक्सिलरेटरची तार तापते, तिच्यावरील आवरणातून धूर निघतो, कधी तार वितळून आत चिकटून बसते. दीडशे अँपिअरला पट्टी मिळाली नाही म्हणून त्याने ॲक्सिलरेटरची बारीक तार धरलेली असते. मालक ॲक्सिलरेटरची नवी तार आणून टाकतो, आणि महिन्याभरात तीही जाते.

सांगाड्याचे जोड गंजतात का, याचे उत्तर बीदरच्या माणसास आपल्या गावीच पाहावयास मिळते. बिदरी कामाची भांडी जस्तात थोडे तांबे मिसळून ओततात, त्यांवर चांदीची नक्षी जडवितात, आणि शेवटी किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून त्या पाण्यात ती वस्तू टाकतात. जस्त-तांब्याचे अंग काळेभोर होते. चांदी जशीच्या तशी चमकत राहते. क्षार एक, पाणी एक, आणि दोन धातूंची गती दोन. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली आपला विद्युत्घट जाहीर केला तोही जस्त आणि तांबे वा चांदी यांच्या चकत्यांमध्ये खारट पाण्यात भिजविलेले तुकडे घालूनच. दोन भिन्न धातू एकमेकांस लागून असल्या आणि मध्ये खारट ओल आली की तेथे एक लहानसा घट तयार होतो, आणि त्यांतील हलका धातू झिजू लागतो. मोटारीत पितळी कडी लोखंडी पत्र्यावर लोखंडी स्क्रूने आवळलेली असते. पावसाळ्यात भालकी-औरादच्या वाटांवरचा चिखल तेथे उडून बसतो. कारागीर बिदरी भांड्यावर जी क्रिया बुद्ध्या करवितो, तीच येथे कोणी न सांगता वर्षानुवर्षे चालते; फक्त येथे नक्षी उमटत नाही.

असा जोड स्वच्छ करताना पितळेच्या भांड्यांप्रमाणे चिंच लावण्याचा मोह काही घरी होतो. तो आवरावा, आंबट अंश फटीत राहिला म्हणजे गंज पुन्हा लवकर चढतो. पत्रा उघडा होईतो घासावा, कडी घासावी, दोन्ही घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे, म्हणजे ओल शिरत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-निळसर बुरा जमतो तो गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतला असता निघतो. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बॅटरी सोडविताना सांगाड्यास जोडलेले टोक प्रथम सोडवावे व बसविताना ते शेवटी बसवावे. क्रम उलटला आणि पाना घसरून पत्र्यास लागला, तर ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो. हल्लीच्या मोटारींत सांगाड्यास ऋण टोक जोडलेले असते. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश घडणीच्या मोटारींत धन टोक जोडीत. अशी फार जुनी मोटार हौसेने सांभाळणाऱ्याने तिच्यात नवा रेडिओ बसविण्यापूर्वी एवढे पाहिले नाही, तर रेडिओ पहिल्याच दिवशी जळतो.

आता दोष नेमका कोठे आहे हे हुडकण्याची रीत. बीदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील, पंधराव्या शतकातील, करेज आहे. जांभ्या दगडात खोदलेला हा पाण्याचा भुयारी मार्ग असून त्यावर ठिकठिकाणी जमिनीपर्यंत उभ्या विहिरी काढलेल्या आहेत. समजा, अशा मार्गाच्या शेवटच्या तोंडाशी पाणी येईनासे झाले. शहाणा माणूस सारे भुयार खणावयास लागणार नाही. तो मधल्या विहिरीत डोकावेल. तेथे पाणी असेल तर अडथळा पुढच्या अर्ध्यात आहे, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याच्या मध्यावरच्या विहिरीत पाहावयाचे. चार-पाच वेळा डोकावले की कोणत्या दोन विहिरींमध्ये माती कोसळली आहे ते कळते. मोटारीच्या वायरिंगलाही अशा विहिरी असतात: बॅटरी, फ्यूजची पेटी, स्विच, मधले जोड, आणि शेवटी दिवा. हाती एक साधा टेस्टिंग बल्ब घ्यावा, त्याची एक तार सांगाड्यास चिमट्याने लावावी आणि दुसरीने एकेका ठिकाणी स्पर्श करून पाहावा. ज्या दोन ठिकाणांपैकी एकावर बल्ब पेटतो आणि दुसऱ्यावर पेटत नाही, त्यांच्या दरम्यान दोष आहे.

येथे मल्टिमीटरपेक्षा गरिबाचा बल्बच कधी कधी अधिक खरे बोलतो. तारेतील वीस धाग्यांपैकी एकोणीस तुटून एक उरला असला तरी मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवील, कारण मोजण्यासाठी तो जवळजवळ काहीच प्रवाह ओढीत नाही. मोठ्या दिव्याचा एखादा जुना बल्ब लावला की तो पाच अँपिअर मागतो, आणि एका धाग्याचे पितळ उघडे पडते. मल्टिमीटर वापरावयाचाच तर तो चालू भारावर वापरावा. सेल्फ फिरत असताना त्याची एक टोकणी बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरी एंजिनच्या अंगावर धरावी. काटा दोन-तीन दशांश व्होल्टच्या आत राहिला तर वाट चांगली. तो एक-दोन व्होल्ट दाखवू लागला, तर तेवढा दाब त्या वाटेत गडप होत आहे. दिव्यांच्या बाबतीतही हा हिशेब महत्त्वाचा आहे. दाब बारावरून दहा व्होल्टवर आला तर उजेड सहाव्या भागाने घटेल असे वाटते. प्रत्यक्षात तो जवळजवळ निम्मा होतो. दिवे मंद म्हणून अधिक वॅटचे बल्ब बसविले जातात, जुन्या तारा त्यांच्या भाराने तापतात, आणि मूळ दोष तसाच राहतो.

कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा कोड्यांचा एक निराळाच वर्ग उघडतो. मोटार सकाळी तक्रारीवाचून सुरू होते, अर्धा तास धावते आणि भर दुपारी आळंदच्या रस्त्यावर एकाएकी बंद पडते. चालक बॉनेट उघडतो व पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकतो. अँबॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांच्या काळापासून चालत आलेला हा उपाय आहे. वीस मिनिटांनी मोटार सुरू होते. पण ती फडक्याने सुरू झाली, की वीस मिनिटे गेल्याने? नळीत पेट्रोलची वाफ होऊन मार्ग अडला असेल तर फडक्याने. परंतु इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर आतून दुबळा झाला असेल, तर तोही तापल्यावर काम सोडतो आणि निवल्यावर पुन्हा धरतो. दोघांचे लक्षण एकच, म्हणून कित्येक मोटारमालक वर्षानुवर्षे पंपास पाणी पाजीत राहतात. मोटार बंद पडल्या क्षणीच प्लगला ठिणगी येते की नाही ते पाहावे. मात्र आसपास पेट्रोल सांडलेले नसावे आणि तार उघड्या हाताने धरू नये. ठिणगी नसेल तर पंप निर्दोष आहे. मोटार निवल्यावर केलेली परीक्षा निरुपयोगी असते. रोगी बरा झाल्यावर नाडी पाहून ताप कळत नाही.

एकाच वेळी पेट्रोलचा आणि उष्णतेचा असे दोन्ही काटे वर चढू लागले तर घाबरण्यापूर्वी थोडे थांबावे. काही मोटारींत या दोन्ही काट्यांना एका लहानशा नियामकातून दहा व्होल्टचा स्थिर दाब दिला जातो. त्याचा सांगाड्याशी संबंध सुटला की पूर्ण दाब जाऊ लागतो आणि दोन्ही काटे एकदम खोटे बोलतात. एंजिन खरेच तापले असते तर पेट्रोल वाढावयाचे काही कारण नव्हते.

बॅटरी रात्रीत उतरण्याची तक्रार सर्वांत अधिक. डिकीतील पाच वॅटचा दिवा झाकण बंद झाल्यावरही विझला नाही, तर तो दिवसाला दहा अँपिअर-तास खातो, आणि चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी होते. झाकण बंद असताना आतला दिवा पाहणार कोण? शंका आलीच तर चालू ठेवलेला मोबाइल फोन चित्रण करीत आत ठेवावा. मोटार थांबून कित्येक तास झाले तरी आल्टरनेटर हातास कोमट लागत असेल, तर त्याच्या आतील डायोड गेलेला आहे आणि बॅटरी उलटी त्यातून वाहत आहे. जुन्या डायनमोच्या गाड्यांत कटाऊट चिकटला असता असेच होते. डायनमोच्या काळातील मिस्त्री बॅटरीचे टोक चालत्या एंजिनवर काढून चार्जिंग पाहत असत. आल्टरनेटरच्या मोटारीत ती सवय महागात पडते, कारण दाब एकदम उसळून डायोड आणि अन्य नाजूक भाग जळू शकतात.

तुरीची पोती ठेवलेल्या वखारीत मोटार उभी राहिली की उंदरांचे फावते. ते वायरिंगचे आवरण कुरतडतात. तार तुटत नाही, उघडी पडते. आरंभी काहीच कळत नाही. एका पावसाळ्यात उघड्या तांब्यावर हिरवा कळंक चढतो, तो आवरणाच्या आतून वीतभर पसरतो, आणि बाहेरून साबूत दिसणारी तार आतून मेलेली असते. तारा वाकवून पाहाव्यात. जेथे तार ताठर किंवा फुगीर लागेल तेथे ती कापून पाहावी. तुकडा आतून काळा-हिरवा निघाला तर तांबडे तांबे दिसेपर्यंत मागे जावे.

संगणक असलेल्या, पण आता पंधरा-वीस वर्षांच्या झालेल्या मोटारींनाही हेच सारे लागू पडते, किंबहुना अधिकच. त्यांतील अनेक संवेदक पाच व्होल्टवर चालतात. सांगाड्याच्या खराब जोडात अर्धा व्होल्ट गेला तर त्यांच्या सांगण्यात दहाव्या हिश्श्याची चूक होते, आणि संगणक भलत्याच भागावर बोट ठेवतो. यंत्रावर निघालेली दोषांची यादी घेऊन महागडे सुटे भाग आणण्यापूर्वी बॅटरीची टोके व सांगाड्याचे जोड घासण्यास खर्च काहीच येत नाही. पंधरा वर्षे झालेल्या खाजगी मोटारीची नोंदणी तपासणी होऊन पाच-पाच वर्षांकरिता वाढवून मिळते, आणि त्या तपासणीत दिवे पाहिले जातात. तेव्हा औराद तालुक्यातील ज्या घरी रात्री-अपरात्री आजाऱ्यास बीदरला किंवा उदगीरला नेण्यास दारची जुनी मोटार हेच साधन आहे, त्या घरास हा दहा मिनिटांचा व्याप परवडण्यासारखा आहे.

राहता राहिला फ्यूज. तो वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद किंवा तांब्याची तार बसविणारे हात अजून आहेत. फ्यूज उडणे बंद होते. मग वाटेत जे काही सर्वांत बारीक असेल ते उडते, आणि ते बहुधा डॅशबोर्डच्या मागे, कापूस आणि रेक्झिन यांच्या शेजारी असते. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा घालू नये. त्या फ्यूजच्या जागी टेस्टिंग बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तोवर तो लख्ख पेटलेला राहील. मग तारांचा जुडगा जेथे जेथे पत्र्याच्या भोकातून जातो तेथे तेथे तो हाताने हलवीत जावे. ज्या ठिकाणी हात लागताच बल्ब लुकलुकेल किंवा विझेल, तेथे पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण कापलेले सापडेल.